दाजींच्या कोटाचे खांदे

आचरे,
ता. ९ मे १९६२

तीर्थरूप सुभद्राआक्का हिच्या पायांशी,

धाकट्या लवूचा दोन्ही हात जोडून, आणि तुझी तीन कार्डे समोर पडली असल्यामुळे कानही पकडून, नमस्कार. आम्ही दोघे बापलेक इकडे धडधाकट आहोत. तुझ्या गुडघ्यांना त्या हिरव्या तेलाने उतार पडला की नाही, भावोजींचा दमा थंडीबरोबर गेला की उन्हाळ्यातही मुक्कामाला राहिला, चाळीच्या नळाचे पाणी तुमच्या मजल्यापर्यंत चढते की अजून बादल्याच वाहाव्या लागतात, हे सगळे सविस्तर कळव. इकडे काजू बरा आला, आंब्याने यंदा तोंड फिरवले, फणसाने तेवढी लाज राखली. मशीन कुरकुरते, पण चालते. (माझेही तसेच आहे.)

तुझ्या कार्डांना उत्तर द्यायला उशीर झाला याचा राग धरू नको. शेवटच्या कार्डात तू लिहितेस की पाऊस लागून बोटी बंद व्हायच्या आत, शेवटच्या बोटीने तू येणार, द्वारकेला मुंबईला नेणार आणि लालबागच्या त्या गिरणीतल्या मुलाला दाखवणार. पोर शहाणी झाली, सातवी झाली, आता शाळा पुरे, असे तुझे म्हणणे. यावर मला काय म्हणायचे आहे ते मी या पत्रात स्पष्ट लिहिणार आहे. त्यासाठीच आज हातातले पोलके बाजूला ठेवून बसलो. पण मधल्या सहा महिन्यांत इकडे काय काय झाले ते कळल्याशिवाय तुला माझे म्हणणे नीट समजायचे नाही, म्हणून क्रमाने लिहितो.

त्याआधी एकच विनंती. असल्या नाजूक गोष्टी उघड्या कार्डावर लिहीत जाऊ नको. आपला बाबली पोस्टमन सायकलवरून उतरतो तो आधी चहाच्या दुकानात, मग देवळाच्या पारावर, मग तिठ्यावर, आणि माझे दुकान त्याच्या वाटेवर सगळ्यांत शेवटी. "द्वारकी शहाणी झाली का, झाली असल्यास तसे कळव" हे तुझे दुसरे कार्ड माझ्या हाती येईपर्यंत अकरा जणांनी वाचले होते, त्यांतल्या दोघांना चष्मा नसल्यामुळे त्यांना मोठ्याने वाचून दाखवले होते, आणि बाबलीने ते मला देताना वर धीर दिला, "लवू, भिया नको. सगळ्यांच्याच घरात ह्या होता." मी त्याला चहा पाजला. दुसरे काय करणार?

तर झाले असे. कार्तिकातली गोष्ट. मी ओटीवर मशीनपाशी एक पोलके बेतत होतो. भर दुपारी, शाळा सुटायच्या कितीतरी आधी, द्वारका आली. दप्तर पुढे असते ते मागे धरलेले, पाठ भिंतीला लावलेली, आणि चाल खेकड्यासारखी आडवी. तशीच सरकत ती मागच्या न्हाणीत गेली आणि आतून कडी लावली. अर्धा तास झाला, तास झाला. मी दारापाशी जाऊन विचारले तर म्हणाली काही झाले नाही. पुन्हा विचारले तर पुन्हा तेच, पण रडवेल्या आवाजात. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा आतून हळूच आले, "बाबानू, रगात येता."

तू म्हणशील, संसार केलेला बाप्या, एवढे कळले नाही? कळते गो, पण ते बायकोचे कळते. कालपरवापर्यंत परकराच्या ओच्यात बोरे घेऊन फिरणाऱ्या पोरीचे त्या क्षणी सुचत नाही. आणि आमच्या घरात रक्त म्हटले की एकच आठवण आहे. तिची आई त्या बाळंतपणात गेली तेव्हा द्वारका पाच वर्षांची होती. दाराच्या फटीतून तिने काय पाहिले ते तिने आजवर मला सांगितलेले नाही आणि मीही विचारलेले नाही. त्यामुळे दाराच्या आत तिची खात्री झाली होती की आपण मरणार, बाहेर माझी खात्री झाली होती की ही मरणार, आणि आम्ही दोघेही एकमेकांना सांगत होतो की काही झालेले नाही.

काशीबाईला बोलवायला धावलो (शेजारची, तुझ्याबरोबर गजगे खेळलेली, नवरा गेल्यापासून माहेरीच असते), तर ती मासळीबाजारात गेलेली. मग सुचले ते केले, म्हणजे धोंडू कंपाउंडरला घेऊन आलो. धोंडू गुणी माणूस, पण त्याला जखमेशिवाय दुसरे काही ठाऊक नाही. तो आयोडीनची बाटली, पट्ट्या, आणि हाड मोडले असल्यास असाव्यात म्हणून दोन फळ्या घेऊन आला, आणि न्हाणीच्या दारापाशी उभा राहून जखम कुठे आहे, किती खोल आहे, लोखंड लागले की लाकूड, अशी चौकशी करू लागला. उत्तर म्हणून झरोक्यातून तांब्याभर पाणी आले, ते धोंडूच्या टोपीवर. तेवढ्यात काशीबाई मासळीची टोपली घेऊन परसात शिरली. तिने एकदा बंद दाराकडे पाहिले, एकदा आम्हा दोघांकडे, आणि टोपली खाली ठेवली.

"लवू," ती म्हणाली, "तुज्या चेडवाक फडको व्हयो, आयोडीन नको. चला, दोगाय भायर व्हा."

धोंडू फळ्या घेऊन गेला. मी ओटीवर येऊन बसलो, आणि खरे सांगतो आक्का, पोर मरत नाही एवढे कळल्यावर मला इतका आनंद झाला की मी ते पोलके उलटे शिवले.

पुढे रीतीप्रमाणे सगळे झाले. काशीबाईने द्वारकेला मागच्या पडवीत बसवले, वेगळी चटई, वेगळा तांब्या, वेगळी थाळी. चूल नाही, देव नाही, लोणच्याची बरणी नाही, शाळा नाही, आणि चौथ्या दिवशी न्हाऊन आत. रीत मला मान्य आहे. आपल्या आईनेही पाळली, तूही पाळलीस. पण आक्का, ही रीत ज्याने घातली त्याच्या घरात निदान तीन बायका असाव्यात. एक बाहेर बसली तर दुसरी रांधणार, तिसरी पाणी भरणार. आमच्या घरात मी एकटा. पहिल्या दिवशी पेज लागली, दुसऱ्या दिवशी उतू जाऊन चूल विझली. सारात सोले घालायची राहिली आणि मीठ दोनदा पडले. मग द्वारकेने पडवीतूनच कारभार हातात घेतला. खोबरे किती वाटायचे, तिरफळे केव्हा टाकायची, आधण आले की नाही हे वासावरून ओळखून ती तिथून ओरडून सांगायची आणि मी इथून करायचो. सगळी वाडी आमची रांधप ऐकत होती. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या कुंपणावरून शिवा सुताराच्या बायकोने मला विचारले की सार झाले का, कारण ती तिकडे माझ्याबरोबरच करत होती. म्हणजे बाहेर बसलेली ती, आणि घर चालवत होतीही तीच.

दुसरे लचांड दुकानाचे. तुला ठाऊक नसेल, माझ्याकडची काजबटणे गेली दोन वर्षे द्वारकाच करते. शाळेतून आली की सुई घेऊन बसते. तिचे काज असे की कोट शिवून घेणाऱ्या वकिलाने बोट फिरवून पाहावे. आता गिऱ्हाइकाच्या कपड्याला बाहेर बसलेल्या पोरीचा हात लागला असे कळले तर दुकान बंद. आणि नेमका त्याच वेळी दाजींचा कोट हाती होता. दाजी म्हणजे आपले वरच्या आवाटात राहणारे, आता शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष आहेत, शहाणी पोर शाळेत धाडतो तो बाप कसला, असे पारावर बसून मला ऐकू येईल असे म्हणतात. त्यांच्या पुतण्याचे लग्न माघात, त्यासाठी काळा कोट. काज मी स्वतः केले. निम्मे लक्ष पडवीकडे. जन्मभर बायकांची पोलकी शिवलेला हात, तो सवयीने गेला, आणि दाजींच्या कोटाला बायकी बाजूने काज पडले. दाजींनी कोट नेला, आणि चार दिवसांनी घरी घालून पाहताना बटणाला काज सापडेना तेव्हा तो घेऊन परत आले. त्यांनी जे काही सुनावले ते लिहीत नाही. कोट उसवून नव्याने करून देतो म्हणालो. लग्नाला अजून अवकाश होता.

आता मुख्य गोष्ट. दर महिन्याला हे असेच होणार, मी मनाशी ठरवले होते. पण पौषात काय झाले, चौथा दिवस संपला, पोर न्हाली, शाळेत गेली, आणि लंगडत परत आली. दुसऱ्या दिवशी जायला तयार होईना. मला विचारायची सोय नव्हती आणि तिला सांगायची नव्हती. शेवटी कुडाच्या पलीकडून ती काशीबाईला सांगत होती ते माझ्या कानी पडले. फडके जागेवर राहत नाही. शाळा दीड मैल, वाटेत पाण्याचे दोन वहाळ, फडके सरकते, घासते, मांड्या सोलवटल्या आहेत. आणि ती फडकी धुऊन वाळत घालायची कुठे, तर गोठ्यामागे, काळोखात, दुसऱ्या कपड्याखाली झाकून, कारण पुरुषाच्या नजरेला पडता नये. तिथे ती वाळतात कुठली? ओलीच राहतात, आणि तीच पुन्हा घ्यायची. काशीबाई म्हणाली असेच असते गो बाये, म्हणून तर चेडवा सातवीनंतर शाळेत जात नाहीत.

आक्का, मला आधी लाज वाटली आणि मग राग आला. पण राग कुणाचा आला ते सांगतो, कापडाचा. पंचवीस वर्षे मी कापड माणसाच्या अंगावर जागच्या जागी बसवतो आहे. पोट सुटलेल्या खोताची पाटलोण मी पट्ट्याशिवाय बसवली आहे. आणि टेलरच्या स्वतःच्या घरात वीतभर फडके जागेवर राहत नाही म्हणजे काय?

त्याच दुपारी माझे जुने मऊ धोतर काढले आणि कातर चालवली. पहिला नमुना चुकला. चार पदर घातले, वर अस्तर, खाली अस्तर, तयार झाले ते बैलाच्या पाठीवर घालता आले असते. दुसरा नमुना सुबक, पण जागेवर राहावा म्हणून त्याला सहा बटणे लावली. तिसऱ्याला कमरेसाठी नेफा केला, त्यात नाडी ओवली, पुढेमागे दोन पट्ट्या, आणि मधली गादी काढता-घालता यावी अशी सुटी ठेवली. आता फिटिंग कसे घ्यायचे? मापाचे नाव काढणे शक्य नव्हते. म्हणून तिन्ही नमुने गिऱ्हाइकाच्या मालासारखे कागदात बांधून पडवीच्या पायरीवर ठेवले आणि वर दुकानातली चिठ्ठी टाचली, "तक्रार असल्यास लिहून कळवावे."

दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुडके परत, आणि चिठ्ठीच्या मागे शिंप्याच्या खडूने लिहिलेले: "पहिला नमुना गिऱ्हाइकाला उचलला नाही. दुसऱ्याची बटणे सोडेपर्यंत शाळेची घंटा होईल. तिसरा बरा आहे. मागून चार बोटे लांब हवा. नाडी काचते, रुंद पट्टी लावावी." खाली नाव नाही. नुसते "गिऱ्हाईक". मी चार बोटे वाढवली, पट्टी रुंद केली, पुन्हा ठेवले. पुन्हा चिठ्ठी आली. असा आमचा पत्रव्यवहार महिनाभर चालला. तोंडाने आम्ही भाताचे, मासळीचे, शाळेचे बोलायचो आणि बाकीचे चिठ्ठीवर. शेवटच्या चिठ्ठीवर एवढेच होते, "पसंत. सहा नग द्यावे. काल वहाळ उडी मारून ओलांडला." ती चिठ्ठी मी मशीनच्या खणात ठेवली आहे. मला तिचे फार अप्रूप वाटते.

वाळवण्याचा प्रश्न सावित्रीबाई नर्सने सोडवला. ही दर गुरुवारी मालवणहून एस. टी.ने येऊन दवाखान्यात बसते. पोलक्याचे माप द्यायला आली तेव्हा मी टेपकडे बघत बघत कसेबसे विचारले. तिने मात्र मान वर करून, शाळेत धडा सांगावा तसे मला सगळे सांगितले. हा रोग नाही, विटाळाचे रक्त म्हणून काही निराळे नसते, बाळासाठी अंगात जी तयारी होते ती बाळ नसले की उतरते, एवढेच. महिन्याची तारीख लिहून ठेवावी, पहिली एकदोन वर्षे ती मागेपुढे होईल, घाबरू नये. फडके दिवसातून चारपाचदा बदलावे, थंड पाण्यात साबणाने धुवावे आणि कडक उन्हात वाळवावे. पोट दुखले तर गरम पाण्याची बाटली. नाचणी, गूळ, पालेभाजी खायला घालावी. मी विचारले की हे पोरींना आधी का सांगत नाहीत. ती म्हणाली की सांगायचे कुणी, हेच ठरत नाही. मग तिने द्वारकेला आत बसवून तासभर सगळे समजावले आणि द्वारका हसत बाहेर आली. गरम पाण्याची बाटली मी त्याच दिवशी आणली. (सोड्याची, काचेची. पहिल्यांदा फुटली. आता आधी कोमट घालतो.)

तर कडक ऊन. आमच्याकडे ऊन फक्त दुकानापुढे. तिथेच गिऱ्हाइकांच्या कपड्यांची दोरी. मी विचार केला, टेलरच्या दोरीवर टेलरने शिवलेली वस्तू कोण ओळखणार? आणि शिवाय ती मी शिवली होती, टीप सरळ होती, लपवण्यासारखे तिच्यात काही नव्हते. घातली वाळत, धुतलेली आणि नवी शिवून धुतलेली, सगळी ओळीने. कुणी विचारलेच तर कोटाच्या खांद्यात घालायच्या गाद्या, असे सांगायचे ठरवले. आठ दिवसांनी दाजी आपला उसवलेला कोट कुठवर आला ते पाहायला आले. दोरीवर बारा नग (सहा मागितले होते, मी दुप्पट शिवले) उन्हात डुलत होते. त्यांनी विचारले, मी सांगितले. दाजींनी एक नग चिमटीत धरला, दाबून पाहिला, आपल्या खांद्यावर ठेवून पाहिला. नशीब माझे की तो नवा, एकदाही न वापरलेला होता.

"लवू," ते म्हणाले, "माज्या कोटाक ह्येच खांदे व्हये."

मी म्हणालो हे दुसऱ्या गिऱ्हाइकाचे आहेत. ते म्हणाले, काज चुकवलेस त्याची भरपाई. मी म्हणालो मापाचे नाहीत. ते म्हणाले मापाचे कर. अध्यक्ष माणूस, काय करणार? दोन कोरे नग पट्ट्यांसकट आत घातले आणि वरून अस्तर शिवून टाकले. एक सांगतो, कोट बसला फार सुरेख. दाजी मुळात खांद्यांत उतरते, ते एकदम फौजदार दिसू लागले.

लग्नात त्यांनी तो सगळ्यांना दाखवला. खांदा पुढे करून म्हणायचे, दाबून बघा. सरपंचांनी दाबला, भटजींनी दाबला, नवऱ्या मुलाच्या मामांनी दोन्ही दाबले. मी मांडवाच्या खांबामागे उभा होतो आणि देवाला वाटेल ते कबूल करत होतो. मग दुपार झाली, मांडवात ऊन तापले, दाजी पंगतीत वाढायला निघाले आणि बासुंदीचे भांडे उचलताना डाव्या खांद्याचे अस्तर उसवले. तिथून आधी एक पट्टी बाहेर आली, आणि तिच्यामागून नाडी. पुरुषांना त्यात काहीच दिसले नाही. पण बायकांच्या पंगतीत द्वारकेच्या वर्गातल्या चार पोरी होत्या (तिने त्यांना आधीच सहा नगांतले एकेक नमुन्याला दिले होते, हे मला तेव्हा कळले), त्या चौघी पानावरून उठून घराच्या मागे पळाल्या आणि तिथून त्यांचे हसणे मांडवापर्यंत ऐकू येत होते. दाजींची नात सुशीला त्यांतलीच एक.

चौथ्या दिवशी दाजींच्या लक्ष्मीवहिनी कोट दुरुस्तीला घेऊन आल्या. त्यांनी कोट मशीनवर ठेवला, खांदा उलटा करून माझ्यापुढे धरला, माझ्याकडे पाहिले, आणि हसता हसता खालीच बसल्या. डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "लवूभावजी, कोट र्‍हवांदे. माका नुसते खांदे व्हये. सुशीलेक सहा आणि सुनेक सहा." दाजींना आजपर्यंत कुणी काही सांगितलेले नाही. कोट ते अजून घालतात. मात्र शहाण्या पोरींच्या शाळेबद्दल पारावर बोलणे त्यांनी सोडले आहे, आणि तसे त्यांना घरातून कळवण्यात आले आहे असे मला काशीबाईकडून समजते.

आता परीक्षेचे. सातवीची फायनल मालवण केंद्रावर, ता. २६ ते २८ मार्च. फेब्रुवारीअखेर पडवीच्या पायरीवर चिठ्ठी: "मार्च २६, २७, २८. गिऱ्हाइकाला माल लागेल असे वाटते." मी तारखा तीनदा मोजल्या. काशीबाई म्हणाली, मग परीक्षा नाही. एस. टी.त किती जणांना शिवणार, परक्याच्या घरी कुठे बसणार, बाहेरची पोर कुणी घरात घेईल का? त्या दिवशी मी चिठ्ठी लिहिली नाही. पडवीच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. द्वारकेने गणिताचे पुस्तक मिटले आणि सरळ माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाबानू, मी जातलंय. तुमी सोडूक येतलात काय?"

मी हो म्हणालो. बस्स. दोन महिने कागद खर्च झाले आणि काम दोन वाक्यांत झाले.

सावित्रीबाई नर्सने आपल्या खोलीवर ठेवून घेतले, तिथे असले काही पाळत नाहीत. तीन दिवस मी शाळेच्या दगडी गडग्यावर माडाच्या सावलीत पिशवी घेऊन बसलो. पिशवीत चार नग जास्तीचे. इतर पालक विचारायचे पिशवीत काय, मी सांगायचो कोटाचे खांदे. (खारेपाटणच्या एका गृहस्थाने कोट शिवायलाही टाकला.) दुसऱ्या दिवशी गणिताच्या पेपराला एक मास्तर घामाघूम होऊन बाहेर आला, आत एक कुठलीशी पोर उठायला तयार नाही, रडते आहे, बाई माणूस कुणी आहे का म्हणून विचारू लागला. तो अगदी त्या दिवशीच्या माझ्यासारखा दिसत होता. बाई माणूस कुणी नव्हते. मी पिशवीतून दोन नग काढून कागदात गुंडाळून दिले आणि म्हणालो, द्वारका नावाच्या पोरीकडे द्या, ती सांगेल. अर्ध्या तासाने मास्तर येऊन म्हणाला की दोघी पेपर लिहिताहेत. त्या पोरीचे नाव मला आजही ठाऊक नाही, पण ती पास झाली असावी असे मला उगाच वाटते.

द्वारका पास झाली. केंद्रात मुलींमध्ये तिसरी. गणितात पहिली. निकाल ऐकल्यावर मी मशीनवर बसलो आणि उगाचच रिकामी टीप मारत राहिलो. तिची आई असती तर तिला आधी हसू आले असते आणि मग रडू. मला दोन्ही एकदम आले. आम्ही खूप सुखात आहोत, आक्का. मागच्या पडवीत अजून ती बसते, देवाकडे आणि चुलीकडे जात नाही, ते काशीबाईसाठी ठेवले आहे. पण शाळेत जाते आणि काजबटणे करते. कुणाच्या कोटाला काही झालेले नाही.

तर आता तुझ्या कार्डातल्या मुख्य मुद्द्याकडे येतो. लालबागच्या मुलाबद्दल माझे म्हणणे असे आहे की मुलगा चांगलाच असणार, कारण तू पाहिला आहेस. गिरणीची नोकरी कायमची, तेही उत्तम. बाकी त्याबाबत माझे स्पष्ट मत लिहिणारच होतो, पण दारात धोंडू कंपाउंडर पाटलोण घेऊन उभा आहे आणि बाबली टपालाची पिशवी बांधतो आहे. भावोजींना माझा नमस्कार सांग, तुझ्या पायांना इथूनच हात लावतो. काही कमीजास्त लिहिले असल्यास धाकटा म्हणून पोटात घाल.

तुझा धाकटा,
लवू

ता. क. एक काम आहे. खरे तर पत्र त्यासाठीच. तुमच्या चाळीत पंचेचाळीस बिऱ्हाडे आहेत. प्रत्येकाकडे एखादे जुने, मऊ, विरलेले धोतर असतेच. तेवढी गोळा करून शेवटच्या बोटीवर कुणाबरोबर तरी पाठव. गावात धोतरे उरलेली नाहीत. पुरुष पाटलोणी मागायला लागले आहेत, आणि का ते त्यांना ठाऊक नाही.

ता. क. दुसरे. "कुणाबरोबर तरी" असे लिहिले ते जाणून लिहिले. शेवटच्या बोटीला गर्दी फार असते आणि दर्याही खवळलेला असतो. तुझे गुडघे असे. तू स्वतः यायची तसदी घ्यावीस असे माझे म्हणणे नाही. येऊ नको असेही म्हणत नाही. तू समजून घे.

ता. क. तिसरे. माझ्या हाताला डिंक लागला आहे, म्हणून पाकीट बंद करायला द्वारकेकडे देतो.

ता. क. चौथे. (हे अक्षर द्वारकेचे.)

आत्येस सा. न. पाकीट बंद करण्याआधी मी सगळे वाचले. बाबांनी इतकी पाने लिहिली, पण तुझ्या कार्डाचे उत्तर त्यांत कुठेच नाही, म्हणून ते मी लिहिते. मी मुंबईला येणार नाही. मालवणच्या हायस्कुलात आठवीत माझे नाव घातले आहे. बाबांनी स्वतः घातले, आणि त्या दिवसापासून बाबलीकाका दिसला की ते मशीनखाली काहीतरी शोधतात. ते तुला घाबरतात. मीही घाबरते.

काशीकाकी सांगते की तू वर्गात पहिली यायचीस, आणि तुला असेच पहिल्यांदा बाहेर बसवले त्या दिवशीच तुझी पाटी काढून घेतली, ती परत दिली नाही, आणि तू पाच दिवस जेवली नव्हतीस. बाबा तेव्हा पाळण्यात होते, त्यांना हे माहीत नाही. मीही अजून सांगितलेले नाही.

हे खरे असेल तर मला न्यायला येऊ नको, आत्ये. भेटायला ये.

तुझी,
द्वारका